पोटातली वस्ती वाचायची कोणत्या यंत्राने?

आपल्या मोठ्या आतड्यातले बहुतेक जिवाणू ऑक्सिजन सोसत नाहीत, म्हणून प्रयोगशाळेच्या बशीत ते सहजासहजी वाढत नाहीत. त्यांची ओळख पटवायची ती डीएनएवरून. डीएनएची अक्षरे चारच, ती वाचण्याच्या रीती मात्र अनेक.

स्वस्त आणि रुळलेली रीत म्हणजे ‘सोळा-एस’ हे एकच जनुक वाचणे. ते प्रत्येक जिवाणूत असते. त्याची लांबी सुमारे १५०० अक्षरे. पण इल्युमिनाचे मायसेक यंत्र तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून फार तर ३००-३०० अक्षरे वाचते. सबंध जनुक हाती येत नाही, त्यातला एखादा भाग निवडावा लागतो. शितावरून भाताची परीक्षाच ही, फक्त शीत कोणते उचलले ते पाहायला हवे.

तिथेच गफलत होते. हवा तो भाग आधी ‘प्रायमर’ नावाच्या लहानशा तुकड्याने पकडावा लागतो. जनुकाच्या आरंभी बसणारा एक प्रायमर फार वापरात आहे, पण तो बिफिडोबॅक्टेरियमला नीट चिकटत नाही. आणि अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या पोटात पुष्कळदा याच जिवाणूचे राज्य असते! दोष प्रायमरचा, पण अहवाल म्हणणार की बाळाच्या पोटात चांगले जिवाणू कमी. मग त्या आईला कोण काय चाटवायला सांगेल, कल्पना करा. बाळांचा अभ्यास करायचा, तर तो प्रायमर टाळावा किंवा त्याचे सुधारलेले रूप घ्यावे.

पॅकबायो आणि नॅनोपोर ही यंत्रे सबंध जनुक एका दमात वाचतात, त्यामुळे जातीपर्यंत पोहोचणे सोपे होते. तरी ई. कोलाय आणि आव आणणारा शिगेला ही जोडी या जनुकावरून वेगळी करता येत नाही, इतके ते सारखे.

जिवाणू करतात काय, हे जाणायचे असेल, तर नमुन्यातला सगळाच डीएनए वाचणारी ‘शॉटगन’ पद्धत घ्यावी. तीत विषाणूंचा डीएनएही सापडतो. खर्च जास्त, गणकयंत्राचे कामही जास्त. मात्र विष्ठेऐवजी आतड्याच्या अस्तराचा तुकडा घेतला असेल, तर त्यात बहुतेक डीएनए माणसाचाच. तिथे शॉटगनवरचा पैसा बराचसा वाया जातो आणि साधे सोळा-एस बरे पडते.

यंत्राच्या आधीचेही एक काम असते. जाड भिंतीचे जिवाणू बारीक मण्यांबरोबर जोरात घुसळून फोडावे लागतात. ते नीट झाले नाही, तर त्यांचा डीएनए पुरेसा बाहेर येत नाही, आणि पुढे यंत्र कितीही भारी लावले तरी ते जिवाणू मोजणीत कमीच भरतात.