चोरखमाऱ्याच्या डॉक्टरने इंग्रजी येते हे सिद्ध कसे करायचे?



नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेले चोरखमारा हे तिरोडा तालुक्यातले गाव. पर्यटकांना ते अभयारण्यात शिरण्याचे एक गेट म्हणून माहीत आहे. अशा गावातली एखादी मुलगी घरात झाडीबोली बोलते, शाळेत मराठी शिकते, नीट देऊन गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाते आणि साडेपाच वर्षे इंग्रजी पुस्तके वाचून एमबीबीएस होते. पेपर इंग्रजीत, तोंडी परीक्षा इंग्रजीत, पदवीही इंग्रजीत. मग पुढच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंड-अमेरिकेचा विचार केला की पहिला प्रश्न समोर येतो : तुम्हाला इंग्रजी येते याचा पुरावा काय?

हा प्रश्न अनेकांना अपमानासारखा वाटतो आणि काही जण तिथेच थांबतात. आमच्या मते ही माहितीची अडचण आहे, लायकीची नाही. म्हणून नियम काय आहेत आणि त्यांना कसे सामोरे जायचे, हे इथे क्रमाने मांडत आहोत.

हा पुरावा का मागतात?

एकेकाळी भारतातल्या एमबीबीएस पदवीवर ब्रिटनमध्ये थेट नोंदणी मिळत असे. १९७५ मध्ये ते बंद झाले आणि परदेशी डॉक्टरांसाठी वैद्यकीय ज्ञानाबरोबर इंग्रजीही तपासणारी परीक्षा सुरू झाली. आजची प्लॅब परीक्षा तिचीच पुढची आवृत्ती आहे.

हा नियम फक्त आपल्यासाठी आहे, असा समज आहे. तो खरा नाही. युरोपीय देशांतल्या डॉक्टरांना बरीच वर्षे या तपासणीतून सूट होती. २००८ मध्ये जर्मनीहून पाळी करण्यासाठी आलेल्या डॉक्टरने एका रुग्णाला वेदनाशामक औषधाचा दहापट डोस दिला आणि तो रुग्ण दगावला. त्यानंतर मोठी चर्चा झाली आणि २०१४ मध्ये युरोपीय डॉक्टरांचीही इंग्रजी तपासण्याचा अधिकार तिथल्या परिषदेला मिळाला. डॉक्टरचे म्हणणे रुग्णाला, नर्सला आणि फोनवरच्या दुसऱ्या डॉक्टरला नीट कळले पाहिजे, एवढाच या नियमाचा गाभा आहे.

ब्रिटनचे दोन दरवाजे

ब्रिटनमध्ये नोंदणी करते ती जनरल मेडिकल कौन्सिल. तिलाही जीएमसी म्हणतात, पण आपल्याकडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी तिचा संबंध नाही. ती मुख्यतः दोन परीक्षा मान्य करते.

पहिली आयईएलटीएस. तिचा ॲकॅडेमिक प्रकार द्यावा लागतो, जनरल चालत नाही. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे चार भाग आणि नऊपैकी बँड. एकूण किमान ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७ हवेत, तेही एकाच बैठकीत. पूर्वी एकूण ७ पुरत. २०१४ मध्ये ते ७.५ झाले.

इथे बरेच जण अडकतात. समजा ऐकण्यात ८.५, वाचण्यात ८, बोलण्यात ७.५ आणि लिहिण्यात ६.५ मिळाले. एकूण बँड ७.५ येतो, पण लिहिण्यात अर्धा बँड कमी पडल्याने हा निकाल चालत नाही. सरासरीकडे बघून आनंद मानू नका, सगळ्यात कमी आकडा कोणता आहे ते पाहा.

दुसरी ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजी परीक्षा. ब्रिटनच्या परिषदेने ती २०१८ पासून स्वीकारली. यात मेडिसिन हा प्रकार निवडायचा आणि चारही भागांत बी श्रेणी, म्हणजे ५०० पैकी किमान ३५० गुण मिळवायचे.

दोन्ही परीक्षांचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो.

कोणती निवडावी?

आयईएलटीएसमध्ये निबंध येतो. विषय वाहतूक, पर्यावरण, शिक्षण असा कोणताही असू शकतो. २५० शब्दांत मुद्देसूद मत मांडायचे असते. त्याशिवाय तक्ता किंवा आलेख पाहून १५० शब्दांचे वर्णन लिहायचे असते.

ओईटीमध्ये एका रुग्णाच्या नोंदी दिल्या जातात आणि ४५ मिनिटांत पत्र लिहायचे असते. बहुतेक वेळा ते दुसऱ्या डॉक्टरकडे रुग्ण पाठवण्याचे पत्र असते. सगळ्या नोंदी उतरवून काढल्या तर गुण जातात. वाचणाऱ्या डॉक्टरला काय लागेल तेवढेच निवडायचे. बोलण्याच्या भागात परीक्षक रुग्ण किंवा नातेवाईक होतो आणि तुम्ही डॉक्टर, असे दोन प्रसंग असतात. त्यात भाषेबरोबर रुग्णाची भीती ओळखता का, त्याला बोलू देता का, समजेल असे सांगता का, हेही तपासतात. उच्चार इंग्रजांसारखा असावा अशी अट नाही, समोरच्याला कळला पाहिजे. आपला विदर्भी हेल आड येत नाही.

ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला ओईटी जवळची वाटते. पण तिची फी आयईएलटीएसच्या बरीच वर जाते. ज्याचे सामान्य वाचन-लेखन चांगले आहे त्याने आयईएलटीएसचा विचार जरूर करावा. आधी दोन्हींचे मोफत नमुना पेपर घड्याळ लावून सोडवा आणि मगच पैसे भरा.

कॉलेजचे पत्र का चालत नाही?

'शिक्षणाचे माध्यम इंग्रजी' असे कॉलेजचे पत्र मिळाले की परीक्षा टळेल, असा सल्ला सर्रास दिला जातो. ब्रिटनची अट मात्र कडक आहे. पदवी दोन वर्षांच्या आतली हवी, सर्व शिक्षण इंग्रजीत हवे आणि रुग्ण, नातेवाईक व सहकाऱ्यांशी झालेला किमान ७५ टक्के क्लिनिकल संवादही इंग्रजीत झालेला हवा.

गोंदियाच्या केटीएस रुग्णालयात किंवा बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात हे शक्य तरी आहे का? तिथे येणारी बाई मराठी, हिंदी, झाडीबोली, पोवारी नाहीतर गोंडी बोलते. तिच्याशी इंग्रजीत बोलणारा डॉक्टर चांगला डॉक्टर म्हणायचा का? तिच्या बोलीत तिचे दुखणे समजून घेणे ही आपल्या डॉक्टरची ताकद आहे. ती लपवून खोटे पत्र आणू नका. असा कागद पुढे उघड झाला तर भाषेपेक्षा सचोटीचा प्रश्न उभा राहतो आणि डॉक्टरच्या नोंदणीत तो सगळ्यात जड पडतो. सरळ परीक्षा द्या.

अमेरिकेचे काय?

अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी परदेशी पदवीधराला ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र लागते. पूर्वी रुग्णाशी संवाद तपासणारी एक प्रात्यक्षिक परीक्षा तिथे जाऊन द्यावी लागे. ती २०२० मध्ये थांबली आणि २०२१ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागी जे मार्ग आले, त्यांत ओईटी मेडिसिन आवश्यक आहे. ऐकणे, वाचणे, बोलणे यांत ३५० आणि लिहिण्यात ३०० गुण लागतात. मातृभाषा इंग्रजी असलेल्या अर्जदारालाही यातून सूट नाही.

वेळेचा हिशेब

महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. तिसऱ्या वर्षात उत्साहाने इंग्रजीची परीक्षा दिली, तर इंटर्नशिप आणि बंधपत्र पूर्ण होईपर्यंत निकालाची मुदत संपते आणि फी वाया जाते. सराव लवकर सुरू करा, परीक्षा मात्र अर्जाचे वेळापत्रक ठरल्यावर द्या.

इंग्रजी हा पहिलाच टप्पा आहे. ब्रिटनसाठी पुढे प्लॅबचे दोन भाग असतात आणि दुसरा भाग मँचेस्टरला जाऊन द्यावा लागतो. तो खर्च घरच्यांशी आधीच बोला. शिवाय इंग्लंड सरकारने जुलै २०२५ च्या आरोग्य आराखड्यात विशेषज्ञ प्रशिक्षणाच्या जागांसाठी ब्रिटिश पदवीधरांना प्राधान्य देण्याचे जाहीर केले आहे. नोंदणी झाली म्हणजे प्रशिक्षणाची जागा मिळाली, असे समजून कर्ज काढू नका. अर्जाच्या वर्षाचे नियम परिषदेच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका.

आणखी एक गफलत होते. समाज कल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, पण ती परदेशी विद्यापीठातल्या शिक्षणासाठी. रुग्णालयातले विशेषज्ञ प्रशिक्षण ही पगारी नोकरी असते, तिला ही शिष्यवृत्ती लागू होत नाही. विद्यापीठात सार्वजनिक आरोग्यासारखा विषय शिकायचा असेल तर हा मार्ग पाहा. त्या विद्यापीठाची इंग्रजीची अट वेगळी असते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे त्यांनी आपले बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. १९५७ मध्ये प्रकाशित झालेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथही मूळ इंग्रजीत आहे. आपण तो विहारात मराठीत वाचतो. आठवड्यातून एक दिवस त्याचे एक पान मूळ इंग्रजीतून मोठ्याने वाचले आणि त्यावर दहा मिनिटे इंग्रजीत बोललो, तर वाचणे, ऐकणे, बोलणे तिन्हींचा सराव होतो. आठवीतल्या मुलालाही त्यात बसवा. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी आठवड्याला दोन पत्रे लिहून एकमेकांची तपासावीत. यासाठी नागपूर-पुण्याचा महागडा क्लास लागत नाही. चुकल्यावर कोणी हसणार नाही, अशी जागा मात्र लागते, आणि ती देणे आपल्या हातात आहे.

जायचे की इथेच राहायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. गोंदियाला डॉक्टर हवेत आणि इथे राहणाऱ्याचे काम जराही कमी मोलाचे नाही. पण तो निर्णय स्वतःच्या विचाराने झाला पाहिजे. इंग्रजीच्या भीतीने दार आधीच बंद झाले असेल, तर तो निर्णय आपला राहत नाही.

जयभीम, नमो बुद्धाय!