विमानाचे दीड तास, रुग्णाचे किती?

कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाकडच्या ग्रीस फिओर्ड या गावापासून रेझोल्यूट बेच्या विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ३८५ किलोमीटर. ट्विन ऑटर हे छोटे विमान ते साधारण दीड तासात कापते. मुंबईत गर्दीच्या वेळी कुलाब्याहून दहिसरला पोहोचायलाही कधी कधी तेवढा वेळ लागतो!

पण हा झाला विमानाचा वेळ. डॉक्टरला मोजावा लागतो तो रुग्णाचा.

गावाची वस्ती दीडशेच्या आसपास. १९५३ मध्ये सरकारने इन्युइट कुटुंबांना दक्षिणेकडून आणून इथे वसवले आणि त्याबद्दल २०१० मध्ये माफीही मागितली. गावातले आरोग्य केंद्र परिचारिका सांभाळतात. बाहेर जाणारा रस्ता नाही. धावपट्टी खडीची, आखूड आणि डोंगरांच्या कुशीत, त्यामुळे मोठी विमाने उतरत नाहीत.

समजा, इथे कोणाला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅन पाहूनच. विमान रेझोल्यूटला सज्ज असले तरी यायला दीड तास, परतायला दीड तास. तिथून इकालुइटचे रुग्णालय जवळजवळ १,६०० किलोमीटर, म्हणजे आणखी तीन-साडेतीन तास. रुग्ण विमानात असतानाच मुदत संपते. धुके, वादळ आणि नोव्हेंबरपासून तीन महिने न उगवणारा सूर्य यांचा हिशेब यात धरलेलाच नाही.

म्हणून तिथल्या परिचारिकेला रुग्ण आत्ता कसा आहे एवढेच पाहून चालत नाही. उद्या हवा बिघडली तर काय, हे आजच ठरवावे लागते. पोटदुखी अपेंडिक्सची वाटली, तर खात्री होईपर्यंत थांबणे परवडत नाही. काही रुग्ण विनाकारण हलवले जातात, पण माझ्या मते तो खर्च योग्यच आहे.

उड्डाणाचेही धोके असतात. ट्विन ऑटरमध्ये हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखला जात नाही. उंचीवर बाहेरचा दाब घटतो आणि शरीरात अडकलेली हवा फुगते. ८,००० फुटांवर सुमारे एक तृतीयांशाने. फुप्फुसाभोवती हवा साठलेल्या रुग्णाच्या छातीत म्हणूनच उड्डाणाआधी नळी घालतात. शक्य तितके खाली उडायला वैमानिकालाही सांगता येते, पण खाली डोंगर असतात.

सर्वांत मोठी किंमत मोजतात त्या गरोदर बायका. बाळंतपण गावात करण्याची सोय नाही, म्हणून साधारण छत्तिसाव्या आठवड्यातच त्यांना विमानाने इकालुइटला किंवा थेट ओटावाला नेतात. कळा सुरू होईपर्यंत परक्या शहरात राहायचे, थोरली मुले गावात मागे. सोबत्याचा प्रवासखर्च सर्व गरोदर इन्युइट बायकांना मिळू लागला तो २०१७ पासून. त्याआधी अनेकींना एकटीनेच जावे लागे.