सर्व्हरची मेमरी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिनक्स सर्व्हर मंदावला की पहिला संशय मेमरीवर जातो. मोकळी मेमरी कमी दिसली की सर्व्हर रीस्टार्ट होतो, नाहीतर जास्तीची रॅम मागवली जाते. चालू कामे तुटतात, पैसा खर्च होतो आणि मूळ कारण तसेच राहते. हे टाळायचे, तर काही समजुती आधी तपासायला हव्यात.

गैरसमज: मोकळी मेमरी संपत आली, म्हणजे रॅम अपुरी आहे.
वस्तुस्थिती: लिनक्स रिकामी रॅम पडून ठेवत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फाइलींची पाने तो कॅशमध्ये ठेवतो आणि प्रोसेसना जागा लागली की त्यांतली बरीचशी सोडून देतो. म्हणून 'फ्री' कमांडच्या उत्तरात 'अव्हेलेबल' हा रकाना पाहावा. स्वॅपला, म्हणजे रॅममधली पाने हलवण्यासाठी डिस्कवर राखलेल्या जागेला, हात न लावता नव्या प्रोग्रॅमना किती मेमरी मिळेल, याचा तो अंदाज असतो. २०१४च्या ३.१४ कर्नलपासून कर्नल हा आकडा स्वतःच देतो.

गैरसमज: सगळ्या प्रोसेसच्या मेमरीची बेरीज म्हणजे एकूण वापर.
वस्तुस्थिती: 'टॉप'मधला 'आरईएस' हा आकडा सामायिक पानेही धरतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस असते, पण शेअर्ड बफर सर्वांचे एकच असतात. बेरीज केली की तीच पाने पुन्हा पुन्हा मोजली जातात आणि एकूण आकडा रॅमच्याही पुढे जाऊ शकतो. खरा वाटा 'पीएसएस' सांगतो. त्यात सामायिक पान ते वापरणाऱ्या प्रोसेसमध्ये विभागून धरलेले असते.

गैरसमज: स्वॅप भरलेला दिसला, म्हणजे सर्व्हर संकटात आहे.
वस्तुस्थिती: कित्येक दिवस कोणी न वापरलेली पाने स्वॅपमध्ये निवांत पडून राहू शकतात. त्रास होतो तो पानांची ये-जा सतत चालू राहिली तर. त्यासाठी 'व्हीएमस्टॅट' पाच-पाच सेकंदांच्या अंतराने चालवून 'एसआय' (स्वॅपमधून आत) आणि 'एसओ' (स्वॅपमध्ये बाहेर) हे रकाने पाहावेत. पहिली ओळ सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्यावी.

गैरसमज: पेज फॉल्ट म्हणजे बिघाड.
वस्तुस्थिती: किरकोळ फॉल्ट हा रोजचा व्यवहार आहे. पान रॅममध्येच असते किंवा तिथेच नवे दिले जाते, फक्त प्रोसेसशी जोडायचे असते. मोठ्या फॉल्टमध्ये मात्र पान डिस्कवरून आणावे लागते आणि प्रोसेस तोवर थांबते. ती संख्या एकाएकी वाढून तशीच राहिली, तर लक्ष घालावे.

गैरसमज: स्वॅप बंद केला की सर्व्हर वेगवान होतो.
वस्तुस्थिती: स्वॅप नसेल, तर प्रोसेसचा स्वतःचा डेटा रॅमबाहेर हलवता येत नाही. मेमरीची ओढाताण झाली की कर्नल फाइलींची पाने काढतो, त्यांत चालू प्रोग्रॅमचा कोडही येतो. तो पुन्हा डिस्कवरून वाचावा लागतो. अशा वेळी 'एसआय-एसओ' शून्य असूनही सर्व्हर गुदमरतो. शेवटी मेमरी उरलीच नाही, की कर्नलचा ओओएम किलर एखादी प्रोसेस मारतो. त्याची नोंद 'डीमेसेज'मध्ये सापडते.

कर्नल ४.२०पासून 'प्रेशर' ही सोयही उपलब्ध आहे. मेमरीसाठी कामे किती टक्के वेळ अडून राहिली, हे ती १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासरीत सांगते.

किती मेमरी भरली यापेक्षा तिच्यासाठी कामे किती थांबली, हा प्रश्न महत्त्वाचा. रीस्टार्ट केल्यावर हे सारे मोजमाप शून्यावर येते. म्हणून बटण दाबण्याआधी या नोंदी जपून ठेवा. दोष कुठे आहे, ते त्याच सांगतील.