चित्ररथावरील लोखंडी बंधारा

प्रजासत्ताक दिनाच्या दिल्लीतील संचलनात महाराष्ट्राच्या चित्ररथास २०१५ मध्ये ‘पंढरीची वारी’ आणि २०१८ मध्ये ‘शिवराज्याभिषेक’ या विषयांवर प्रथम क्रमांक मिळाला. पाहणाऱ्यास रंग आणि मूर्ती दिसतात. त्यांना तोलून धरणारा लोखंडी सांगाडा दिसत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एक वर्षाचा ‘संधाता’ हा, लोकांच्या बोलीत वेल्डरचा, अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांनी शिकण्याजोगे जे आहे, ते या सांगाड्यातच आहे.

मुरगूड परिसरात अशी प्रतिकृती करावयाची तर विषय दूर शोधावा लागणार नाही. वेदगंगेवर कुरणी, बस्तवडे, सुरुपली, चिखली येथे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. खांब, खांबांतील खाचा आणि पावसाळा सरल्यावर त्या खाचांत बसवावयाचे बरगे, एवढीच त्यांची रचना. ही सरळ रेषांची आकृती नवशिक्या हातांना झेपते. खांब चौरस नळ्यांचे करून वर पातळ पत्रा चढवावा. बरगे मात्र खरोखरच काढता-घालता यावेत. खाच जराशी वाकडी झाली की बरगा अडतो आणि चूक कोणी दाखवून द्यावी लागत नाही.

चूक होते ती बहुधा घाईने. एकाच बाजूने सलग जोड दिला की तापलेले लोखंड थंड होताना आकसते आणि नळी त्या बाजूस ओढली जाते. म्हणून प्रथम कोपऱ्यांना लहान टाके द्यावेत, गुण्या लावून काटकोन पाहावा आणि मगच समोरासमोरच्या बाजूंनी थोडा थोडा जोड भरावा. जस्ताचा मुलामा असलेली नळी असल्यास जोडाजवळचा मुलामा आधी घासून काढावा. त्याच्या धुराने अंगात ताप भरतो. काळ्या काचेविना ठिणगीकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत रात्री वाळू गेल्यासारखे खुपते. हे बघ्यांनाही लागू आहे!

वजनाचा हिशेब कागदावर आधी मांडावा. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा दर चौरस मीटरला सुमारे ७.८५ किलो भरतो. चाळीस चौरस मीटर पत्र्याचे ३१४ किलो झाले. हा भार उंचावर गेला तर काय होते, हे वळणावर उलटलेली उसाची ट्रॉली पाहिलेल्यांना सांगावयास नको. जड भाग तळाशी असावा, उभ्या नळ्यांना तिरकस आधार द्यावेत आणि सांगाडा दोरीने न बांधता ट्रॉलीच्या चौकटीस बोल्टने आवळावा. स्थिर उभ्या वस्तूचा जोड कच्चा असला तरी काही काळ निभावतो. खड्ड्यांतून जाणाऱ्या वस्तूचा निभावत नाही.

उंचीबाबत दिल्लीची मर्यादा येथेही पाळावी. तेथे चित्ररथ जमिनीपासून सोळा फुटांहून, म्हणजे ४.८८ मीटरहून, उंच चालत नाही. विद्युत सुरक्षा नियमांप्रमाणे रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार किमान ५.८ मीटर उंच हवी. मध्ये जेमतेम तीन फूट उरतात, आणि जुन्या गल्लीतील झोळ पडलेल्या तारेखाली तेवढेही नाहीत. मिरवणुकीचा मार्ग महावितरणच्या स्थानिक कार्यालयाकडून अगोदर तपासून घ्यावा. प्रतिकृतीवर ध्वजाची काठी उभारू नये व कोणासही उभे करू नये.