जुन्नरला जायचंय, जहाज कोणतं धरावं?

इंग्लंडमधलं एखादं निवृत्त जोडपं समुद्रसहल ठरवायला बसतं, तेव्हा त्याचा गृहपाठ बघण्यासारखा असतो. विमानाची कटकट नको, म्हणून साउथॅम्प्टनहूनच सुटणारं जहाज हवं. बोटीवरचा हिशेब पौंडांत हवा. खोलीत चहाची किटली आहे का, हा प्रश्न तर गंभीरपणे विचारला जातो. पोराटोरांचा गोंगाट नको असेल तर पी अँड ओ कंपनीची ‘आर्केडिया’ आणि ‘अरोरा’ ही दोन जहाजं फक्त प्रौढांसाठी राखलेली आहेत. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी ‘सागा’ नावाची वेगळी कंपनीच आहे. जहाज निवडणं म्हणजे आपण कोण आणि आपल्याला काय सोसवतं, हे ठरवणं.

असाच गृहपाठ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या जुन्नरसाठी होत असे. इथे समुद्र नाही, आणि कोकणात उतरायचं तर आधी सह्याद्रीचा कडा उतरावा लागतो. तरीही जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांची नावं ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आहेत: इरिल, चिट आणि चंद. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला आणि चंदाने चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचं काम करून दिलं. ‘यवन’ म्हणजे नेमके ग्रीक की पश्चिमेकडून आलेला कुणीही, यावर विद्वानांचे वाद आहेत. पण ही माणसं किंवा त्यांचे बापजादे कधीतरी, कुठूनतरी निघून इथवर पोचले, यात शंका नाही. मला चक्रावून टाकतो तो त्यांच्या प्रवासाचा प्रश्न. अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला जुन्नरला यायचं असेल, तर त्याने काय बघून जहाज धरावं?

याचं उत्तर देणारं एक मार्गदर्शक पुस्तक आपल्यापर्यंत शाबूत पोचलं आहे, हे आणखी एक नवल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक जाणकाराने लिहिलेलं ‘पेरिप्लस’. लेखकाचं नाव कुठेच नाही. त्यात तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतची बंदरं, तिथला माल, वारे, धोके, सगळं सरळ व्यापारी भाषेत आहे. आपल्या किनाऱ्यावरची कल्याण, सोपारा आणि चौल ही बंदरं त्यात नावानिशी भेटतात.

पहिली गोष्ट ही की, अलेक्झांड्रियाला भारताचं जहाज मिळत नसे. आधी नाईल नदीतून उलट दिशेने कॉप्टोसपर्यंत जायचं. प्लिनी हा रोमन ग्रंथकार या टप्प्याला बारा दिवस सांगतो. तिथून उंटांवरून वाळवंट तुडवत बेरेनिके बंदर गाठायला आणखी बारा दिवस. ऊन टाळायला हा प्रवास बराचसा रात्रीचा. बेरेनिके किंवा म्योस होर्मोस, या दोन बंदरांतून भारताची जहाजं सुटत. एकट्या म्योस होर्मोसमधून वर्षाला एकशेवीस जहाजं भारताकडे जातात, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने इसवी सनाच्या आरंभकाळात लिहून ठेवलं आहे.

त्यातलं प्रवासी जहाज एकही नव्हतं. सगळी मालाची जहाजं. माणसाने मालासोबत जागा मागायची, डेकवर अंथरूण टाकायचं, शिधा आपला आपण आणायचा. चाचांच्या भीतीने या जहाजांवर तिरंदाजांच्या तुकड्या असत, असंही प्लिनी सांगतो. म्हणजे किटलीचा प्रश्न नव्हता, पण धनुर्धारी किती आहेत, हे मात्र विचारून घ्यावं लागे.

मग जहाजाची बांधणी. भूमध्य समुद्राकडची जहाजं लाकडाच्या फळ्यांत खाचा पाडून, त्यांत लाकडी जिभा बसवून आणि वर खुंट्या ठोकून बांधलेली असत. भारतीय आणि अरबी जहाजं फळ्यांना भोकं पाडून काथ्याने शिवलेली. दोरीने शिवलेल्या जहाजातून अरबी समुद्र ओलांडायचा, या कल्पनेने ग्रीक माणसाच्या पोटात गोळा येत असेल. प्रत्यक्षात शिवलेली जहाजं लवचीक असतात, लाटेबरोबर थोडी वाकतात. या दोन पद्धती एकमेकींपासून फार लांब राहिल्याच नाहीत. बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय सागवान सापडलं, तेही जहाजाचं लाकूड मोडून पुन्हा वापरलेलं. तिथल्याच एका मंदिरात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी जशीच्या तशी मिळाली. आणि 2022 साली तिथे बुद्धाची मूर्ती निघाली.

पण बांधणी, तिरंदाज, भाडं हे सगळं दुय्यम. खरी निवड महिन्याची होती.

उन्हाळ्यात आशियाची जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची दमट हवा ती पोकळी भरायला धावते. पृथ्वीच्या फिरण्याने ती वळते आणि नैर्ऋत्येकडून आपल्यावर येते. तोच आपला पाऊस. हिवाळ्यात उलट होतं, वारा ईशान्येकडून जमिनीवरून समुद्राकडे जातो. म्हणजे शिडाच्या जहाजासाठी निसर्गाने वर्षातून एकदा येण्याची आणि एकदा जाण्याची सोय करून ठेवली आहे. चुकलात तर पुढच्या वर्षी.

आता त्यांचा हिशेब बघा. पेरिप्लस सांगतो, जुलैत निघा. याच वाऱ्यांच्या प्रवासाबद्दल तो बजावतो की हा मार्ग धोक्याचा आहे, पण सरळ आणि लवकर पोचवणारा आहे. यातली खोच उशिरा कळते. जूनमध्ये निघालेलं जहाज ऐन पावसात आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळलं असतं, जेव्हा कोकणातलं कुठलंच बंदर सुरक्षित नसतं. जुलैत निघालं की तांबडा समुद्र उतरायला महिना जातो, भर समुद्र ओलांडायला आणखी काही आठवडे, आणि किनारा दिसतो तो सप्टेंबरात, पावसाचा जोर ओसरल्यावर. आपल्याकडचे कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या पाण्यात लोटतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत यवनांची शिडं क्षितिजावर येत असणार. इजिप्तमधला नाखवा आणि कोकणातला कोळी एकाच वाऱ्याचं पंचांग दोन टोकांकडून वाचत होते.

आधीच्या काळात हा थेट प्रवासही नव्हता. एडनला गाडी बदलावी लागे. भारतातून आलेली जहाजं तिथवर येत, इजिप्तची तिथवर जात, आणि मालाची अदलाबदल होई, असं पेरिप्लसच सांगतो. वाटेतल्या सोकोत्रा बेटावर अरब, भारतीय आणि ग्रीक एकत्र राहात. त्या बेटावरच्या होक नावाच्या खोल गुहेत, अंधारात, भारतीय दर्यावर्दींनी आपली नावं लिहून ठेवली आहेत. दोनशेच्या आसपास लेख, बरेचसे ब्राह्मीत, आणि त्यांतले कित्येक भडोचकरांचे. जुन्नरच्या लेण्यात यवनाचं नाव, सोकोत्राच्या गुहेत आपल्या माणसांची नावं.

जहाज मिळालं, महिना साधला, तरी शेवटची अडचण उरते: उतरायचं कुठे? जुन्नरसाठी स्वाभाविक बंदर कल्याण. उल्हास नदीच्या खाडीतून आत, मग मुरबाड, वैशाखरे, आणि तिथून नाणेघाट चढला की जुन्नरचं पठार. पण पेरिप्लस इथे सावध करतो. थोरल्या सारगन राजाच्या काळात कल्याण हे अधिकृत बंदर होतं, सँडानीस या दुसऱ्या सत्ताधीशाच्या ताब्यात गेल्यापासून तिथला व्यापार अडवला जातो. चुकून तिथे शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. कल्याणचं ठरवलं आणि भडोचला उतरलो! राजकारणामुळे सागरी सहलींची ठिकाणं आजही ऐन वेळी बदलतात, फक्त पहारेकरी नसतात.

भडोचला उतरणंही सोपं नव्हतं. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटी इतकी जबरदस्त की तळ कोरडा पडता पडता पाणी गर्जत उलट चढतं. म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक नाविक मोठ्या होड्या घेऊन समोर येत आणि परदेशी जहाजांना ओढून आत नेत. आजच्या बंदरांत जहाज आत आणायला वाटाड्या चढतो, तीच ही व्यवस्था. भडोचवर तेव्हा राज्य होतं नहपान क्षत्रपाचं. आणि याच नहपानाचा अमात्य अयम याचा, सेहेचाळिसाव्या वर्षाचा दानलेख जुन्नरच्या मानमोडीच्या डोंगरात आहे. बंदर आणि घाटमाथा, दोन्ही एका हाती असणं म्हणजे काय, हे या लेखाशेजारी उभं राहिलं की उमगतं.

नाणेघाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. यज्ञांमागून यज्ञ, आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचे आकडे. ब्राह्मी अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत हे अंक मोजले जातात. बाहेर दगडी रांजण आहे, त्यात जकात जमा होई असं परंपरा सांगते. हे खरं असो वा नसो, इतक्या गाईघोड्यांचा खर्च पेलणारी श्रीमंती या वाटेवरून गेलेल्या बैलांच्या पाठीवर आली होती, असं मला वाटतं. इजिप्तकडे परतणाऱ्या मालावर रोमन सरकार पंचवीस टक्के कर घेई, आणि तो देऊनही व्यापाऱ्याला परवडत असे.

परतीचं जहाज डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे सप्टेंबरात उतरलेल्या माणसाला तीन महिने मोकळे. पाऊस सरलेला, वाटा वाळलेल्या, घाट चढण्याजोगा.  पण इरिलाचं दान पाहुण्याचं वाटत नाही. चार महिने धो धो पाऊस आणि पुढे आठ महिने दगड तापतो, अशा डोंगरात पाण्याची टाकी खोदून द्यावीत हे सुचायला इथला वैशाख एकदा तरी भोगावा लागतो. मला वाटतं, त्याने परतीचं जहाज मुद्दाम सोडलं.

पुढे इंग्रज आले, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला याच वाटेने. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 20 मार्च 1830 रोजी मुंबईहून सुटली आणि 32 दिवसांत सुएझला पोचली. सुएझ कालवा व्हायचा होता, म्हणून इंग्लंडचे प्रवासी अलेक्झांड्रिया, नाईल, वाळवंट आणि तांबडा समुद्र हाच जुना क्रम पाळत. 1869 मध्ये कालवा उघडला आणि वाळवंट सुटलं. वाफेमुळे महिनाही सुटला, पावसाळ्यात बोटी डोलत, पण येत. पी अँड ओ ही साहेबाची कंपनी झाली. तिच्या डेकवर कोकणातले खलाशी आणि जेवणघरात गोव्याचे वाढपी. 1904 मध्ये तिने ‘व्हेक्टिस’ हे जहाज केवळ सहलींसाठी सजवून घेतलं. तिच्याच ‘मोरिया’वरून सावरकरांनी 8 जुलै 1910 रोजी मार्सेलिसला समुद्रात उडी घेतली.

ओतूरचा कांदा आणि नारायणगावचा टोमॅटो आज माळशेज उतरून मुंबईकडे जातो. नाणेघाटातून आता फक्त हौशी चढतात, तेही बहुतेक पावसात, धबधबे बघायला. माझं ऐकाल तर ऑक्टोबरात जा. जुन्नरहून चावंड, घाटघर करत रस्ता थेट माथ्यापर्यंत जातो. धुकं नसतं, कोकण लांबवर दिसतं, आणि लेण्यात उजेड पुरेसा असतो. नागनिकेच्या अक्षरांवर खडू किंवा पाणी फिरवून ती वाचायचा प्रयत्न मात्र करू नका. बरीच अक्षरं आधीच गेली आहेत.