ब्रेक नसलेली लढाई

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात न्यूटनचा गतीविषयक पहिला नियम असतो. बाहेरून बल लागलं नाही तर थांबलेली वस्तू थांबूनच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. यातला पहिला अर्धा भाग मुलांना लगेच पटतो, दुसरा पटत नाही. जमिनीवर तो कधी दिसतच नाही ना! लोटलेली सायकल थांबते, कॅरमची सोंगटी थांबते, घर्षण सगळीकडे आडवं येतं. हा नियम डोळ्यांनी पाहायचा आणि हातांनी अनुभवायचा असेल तर अवकाशातच जायला हवं. नाहीतर अवकाशयुद्धाचा एखादा जुना, भौतिकशास्त्राशी इमान राखणारा व्हिडिओ गेम तरी खेळायला हवा.

या खेळांना साठ वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो सहसा चित्रं किती सुधारली, आवाज किती सुधारले, धंदा किती वाढला या अंगाने सांगितला जातो. मला त्यातला वेगळाच झगडा महत्त्वाचा वाटतो. पडद्यावरचं यान कसं हलणार हे ठरवायचं कोणी? न्यूटनने, यंत्राच्या ताकदीने, की खेळणाऱ्याच्या हाताने?

सुरुवात अमेरिकेतल्या एमआयटीत झाली. सप्टेंबर १९६१मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या कंपनीने आपला पीडीपी-१ हा संगणक या संस्थेला भेट दिला. किंमत सुमारे एक लाख वीस हजार डॉलर, स्मृती अवघी ४,०९६ शब्दांची, आणि सोबत गोल काचेचा पडदा. स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ आणि वेन विटानेन या तरुणांना त्या पडद्याचं सामर्थ्य दाखवील असं काहीतरी करायचं होतं. तिघांनाही ई. ई. स्मिथच्या अवकाश-कादंबऱ्यांचं वेड. गागारिन त्याच वर्षी एप्रिलमध्ये पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आला होता. दोन यानांची झुंज हा विषय ठरायला वेळ लागला नाही.

लिहिण्याचं काम रसेलकडे आलं आणि तो चालढकल करत राहिला. यान फिरवायचं तर साइन-कोसाइनची गणितं लागणार, ती माझ्याकडे नाहीत, ही त्याची सबब. त्याचा मित्र अ‍ॅलन कोटॉक सरळ डेक कंपनीत गेला, ती गणितं करणाऱ्या प्रोग्रामच्या कागदी फिती घेऊन आला आणि रसेलसमोर ठेवल्या. सबब संपली. १९६२च्या सुरुवातीच्या महिन्यांत 'स्पेसवॉर' उभा राहिला. एक यान सुईसारखं, दुसरं पाचरीसारखं. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, इंजिन चालवा, टॉर्पेडो सोडा, एवढंच करता येई. इंजिन बंद केलं तरी यान थांबत नसे. थांबवायचं तर तोंड उलट्या दिशेला फिरवून, तेवढाच वेळ इंजिन चालवून, आधीचा वेग मोडून काढावा लागे.

मग मित्रमंडळींनी एकेक भर घातली. रसेलने मागे आकाश म्हणून कसेही विखुरलेले ठिपके टाकले होते. पीटर सॅमसनला ते सहन झालं नाही. त्याने खगोलीय पंचांग घेऊन खऱ्या ताऱ्यांच्या जागा भरल्या. खगोलीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साडेबावीस अंशांपर्यंतचे, पाचव्या प्रतीपर्यंतचे तारे त्यात आले. कोणता तारा किती तेजस्वी दिसावा हेही त्याने सांभाळलं, आणि हे आकाश सावकाश सरकत राही. ज्यांना मृगनक्षत्र ओळखता येतं त्यांना ते त्या पडद्यावर सापडलं असतं. एका खेळाच्या पार्श्वभूमीसाठी माणूस इतका काटेकोर राहतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खरी करामत मात्र डॅन एडवर्ड्सची. पोकळीतली झुंज त्याला सपक वाटली म्हणून त्याने मधोमध एक जड तारा ठेवला आणि त्याला गुरुत्वाकर्षण दिलं. आता प्रत्येक क्षणी दोन्ही यानांवरचा ओढा मोजायचा होता आणि तेवढा वेळ यंत्राकडे नव्हता. एडवर्ड्सने वेळ वाचवला तो यानं रेखाटण्याच्या कामातून. यानाच्या बाह्यरेषेचं कोष्टक दरवेळी वाचत बसण्याऐवजी खेळ सुरू होतानाच त्यातून थेट यंत्राच्या आज्ञा तयार करून ठेवायच्या, ही त्याची युक्ती. वाचलेल्या वेळात गुरुत्वाकर्षण बसलं. टॉर्पेडोंपुरता वेळ मात्र उरला नाही, म्हणून टॉर्पेडो ताऱ्याला न जुमानता सरळ जात राहिले. न्यूटन आणि यंत्र यांच्यातली ही पहिली तडजोड.

त्या ताऱ्याने खेळाचं रूपच पालटलं. दोन्ही यानं समोरासमोरच्या कोपऱ्यांतून निघत. नवखा खेळाडू इंजिन भसाभस चालवून इंधन संपवी आणि ताऱ्यात जाऊन पडे. मुरलेला खेळाडू यान ताऱ्याकडे निवांत पडू देई, अगदी जवळून वळसा घेताना मिळणारा वेग पदरात पाडून घेई आणि बाहेर पडतानाच्या एका क्षणात नेम साधे. दोघेही असे खेळले की त्यांचे मार्ग मिळून सीबीएस या टीव्ही कंपनीच्या डोळ्याच्या चिन्हासारखी आकृती होई, म्हणून त्या चालीला 'सीबीएस ओपनिंग' असं नाव पडलं. संगणकाच्या अंगावरचे खटके दाबून कोपरं दुखू लागली, तेव्हा कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी लाकूड, बॅकेलाइट आणि रेल्वे मॉडेल क्लबातले खटके वापरून वेगळ्या हातपेट्या केल्या. हा खेळ कोणी विकला नाही. पीडीपी-१ बनलेच ५३. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथल्या संगणक संग्रहालयाने त्यातला एक दुरुस्त करून चालता केला आहे आणि तिथे 'स्पेसवॉर' खेळता येतो.

पैसे घेऊन हा खेळ लोकांपुढे मांडायचा प्रयत्न १९७१मध्ये झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या 'गॅलक्सी गेम'मागे अख्खा पीडीपी-११ संगणक होता आणि एका डावाला दहा सेंट पडत, त्यामुळे खर्च निघण्याची शक्यताच नव्हती. त्याच वर्षी नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी 'कॉम्प्युटर स्पेस' आणला. त्यात संगणक नव्हता, नुसत्या लॉजिक चिपांची जुळणी होती, आणि ताऱ्याचं गुरुत्वाकर्षणही गेलं होतं. तरी जडत्व होतं, आणि दारूच्या गुत्त्यात आलेल्या गिऱ्हाइकाला तेवढंही जड गेलं. पुढच्याच वर्षी या दोघांनी अटारी काढली आणि 'पाँग'वर नाव कमावलं. जडत्वाला लोकांनी आपलंसं केलं ते १९७९च्या अटारीच्याच 'अ‍ॅस्टरॉइड्स'मध्ये. तिथेही इंजिन सोडलं की यान हळूहळू मंदावतं. खऱ्या अवकाशात असं होणार नाही, पण हाताला ते बरं वाटतं.

यंत्राची मर्यादाच खेळाचा कायदा होते याचं सर्वांत देखणं उदाहरण जपानचं आहे. तोमोहिरो निशिकादोने १९७८मध्ये ताइतो कंपनीसाठी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. इंटेलच्या ८०८० प्रोसेसरला परग्रहावरच्या आक्रमकांची अख्खी फौज हलवणं झेपत नव्हतं, म्हणून फौज सावकाश चाले. खेळाडू एकेकाला टिपत गेला की प्रोसेसरवरचा भार कमी होई आणि उरलेले वेगाने धावू लागत. निशिकादोने हे ठरवून केलेलं नव्हतं. पण जितकं जिंकावं तितकं संकट वाढतं, ही गंमत त्याने ओळखली आणि तशीच ठेवली. शेवटचा एकटा आक्रमक पडद्यावर सैरावैरा पळतो, पार्श्वभूमीचे चार सूर धडधडत जवळजवळ येतात आणि खेळणाऱ्याचा घाम निघतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे अनेक घरांत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. त्याच्या पिवळ्या कॅसेटमधला 'गॅलक्सियन' याच घराण्यातला.

यंत्रावरच्या भाराने काळाची गती बदलण्याचा हाच प्रकार पुढे फार मोठ्या प्रमाणावर दिसला. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा हजारो लोक एकाच विश्वात खेळतात असा खेळ. एका जागी फार जहाजं जमली की सर्व्हरला हिशेब पुरे पडत नाही, म्हणून तिथे खेळातला काळच संथ केला जातो, अगदी नेहमीच्या एक दशांशापर्यंत. २७ जानेवारी २०१४ला बी-आर५आरबी नावाच्या तारामंडळात एका गटाकडून त्या प्रदेशाचा ठरलेला हप्ता भरायचा राहिला, ताबा सुटला आणि शत्रू तुटून पडले. लढाई २१ तास चालली आणि 'टायटन' वर्गातली ७५ महाकाय जहाजं नष्ट झाली. माणसं आळीपाळीने झोपून येत, कामावर जाऊन येत, आणि लढाई चालूच असे.

यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीनेही असाच एक खेळ घडवला. १९८४मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या ३२ केबी स्मृतीच्या संगणकावर 'एलिट' लिहिला. त्यात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. एवढी नावं, जागा, राज्यव्यवस्था, बाजारभाव साठवायला जागाच नव्हती. म्हणून त्यांनी साठवलंच नाही. सहा बाइटांचं एक बीज घ्यायचं, त्यावर फिबोनाची श्रेणीच्या धर्तीची बेरीज करत जायचं, आणि प्रत्येक पायरीवर निघालेल्या आकड्यांतून ग्रह घडवायचा. बीज तेच असल्यामुळे लाव्ह नावाचा ग्रह प्रत्येक खेळाडूला त्याच ठिकाणी, तसाच भेटतो. या रीतीने त्यांना अब्जावधी आकाशगंगा काढता आल्या असत्या. एवढ्या दिल्या तर खेळामागची युक्ती उघडी पडेल, आठ पुरेत, असं प्रकाशकांनी समजावलं.

हा संगणक आपल्या ओळखीचा आहे. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारने शाळांत संगणक नेण्यासाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला, तेव्हा देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांत पहिल्यांदा पोचलं ते हेच बीबीसी मायक्रो यंत्र. ज्यांनी त्याच्यासमोर रांग लावून बेसिक भाषेतल्या दोन-चार ओळी लिहिल्या असतील, त्यांनी क्षणभर विचार करावा: त्याच यंत्रात दोन हजार अठ्ठेचाळीस ग्रहांचं विश्व मावलं होतं.

'एलिट'चं यान मात्र न्यूटनचं ऐकत नाही. नाक जिकडे, तिकडे यान. गिरकी घ्यायची, नाक वर-खाली करायचं आणि वेग कमी-जास्त करायचा. अवकाशस्थानकात शिरताना त्याच्या फिरण्याशी आपली गिरकी जुळवून अरुंद दारातून आत जायचं, एवढ्या एका प्रसंगात खऱ्या अवकाशाची आठवण होते. ब्रेबेन-बेलना न्यूटन ठाऊक नव्हता असं नाही. पण तोवर लोकांच्या मनातलं अवकाशयुद्ध पुरतं बदलून गेलं होतं.

ते बदललं 'स्टार वॉर्स'ने. त्या १९७७च्या चित्रपटातल्या यानांच्या झटापटी कशा दिसाव्यात हे ठरवताना जॉर्ज लुकासने दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या लढायांची दृश्यं जोडून कच्चा आराखडा केला होता. म्हणून त्यातली यानं पोकळीतही विमानासारखी कलून वळतात. हवाच नसताना कलण्याचा उपयोग काय, हा प्रश्न प्रेक्षकाला पडला नाही. खेळांनी हाच वारसा उचलला. ख्रिस रॉबर्ट्सच्या १९९०च्या 'विंग कमांडर'मध्ये खेळाडू तळ ठोकतो तो पॅसिफिकमधल्या विमानवाहू नौकेची आठवण देणाऱ्या जहाजावर. १९९३चा 'एक्स-विंग' करणाऱ्या लॉरेन्स हॉलंडने त्याआधी ओळीने दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचेच खेळ केले होते, 'बॅटलहॉक्स १९४२' हा त्यातला एक. हे खेळ उत्तम आहेत. पण त्यांत लढाई होते ती १९४२च्या आकाशात, फक्त ते आकाश काळं रंगवलेलं आहे.

पायी चालून गोळीबार करणाऱ्या खेळांनी तर हा प्रश्नच सोडून दिला. १९९३च्या 'डूम'चा पहिला भाग मंगळाच्या फोबोस या उपग्रहावर घडतो. तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे सतराशेव्या हिश्शाएवढं आहे. सत्तर किलोच्या सैनिकाचं वजन तिथे चाळीस-एक्केचाळीस ग्रॅम भरेल, आणि बंदुकीच्या प्रत्येक धक्क्याने तो सावकाश मागे सरकत जाईल. खेळातला सैनिक मात्र कॉरिडॉरमधून पृथ्वीवरच्यासारखा धावतो.

त्याच १९९३ साली ब्रेबेनने 'फ्रंटियर: एलिट २'मध्ये न्यूटनला परत आणलं. जडत्व खरं, ग्रहांचा ओढा खरा. प्रवास अप्रतिम झाला आणि लढाया फसल्या. दोन यानं प्रचंड वेगाने समोरासमोर येत, निमिषभर गोळ्या झाडत आणि एकमेकांना ओलांडून इतकी दूर जात की वळून परत यायलाच वेळ लागे. खेळाडूंनी तक्रारी केल्या. त्या खऱ्या होत्या, पण दोष न्यूटनचा नव्हता. 'स्पेसवॉर'मध्ये झुंज रंगत होती ती मधल्या ताऱ्यामुळे. तो दोन्ही यानांना पुन्हापुन्हा एकत्र खेचून आणी. 'फ्रंटियर'च्या मोकळ्या पोकळीत लढवय्यांना बांधून ठेवणारं असं काही नव्हतं.

मधला मार्ग १९९७च्या 'इंडिपेंडन्स वॉर'मध्ये चांगला दिसला आणि २०१४च्या 'एलिट डेंजरस'मध्ये तो जगभर पोचला. यानावरचा संगणक सतत छोटी इंजिनं उडवून आपली घसरण मोडून काढतो, त्यामुळे यान विमानासारखं वागतं. ही मदत एका बटणाने बंद करता येते. ती बंद केली की नवख्याचं यान भोवऱ्यासारखं गरगरतं, कारण एकदा लागलेली गिरकी उलटा जोर लावल्याशिवाय थांबत नाही. हात बसला की मात्र पाठलाग करणाऱ्याला आश्चर्याचा धक्का देता येतो: पुढे जाण्याचा वेग तसाच ठेवून यानाचं तोंड मागे फिरवायचं आणि उलटं जाताजाताच त्याच्यावर मारा करायचा. एमआयटीच्या त्या गोल पडद्यावर सुईसारख्या यानाला हे जमत होतं.

कमाल वेगाची मर्यादा मात्र 'एलिट डेंजरस'मध्ये मदत बंद केल्यावरही सुटत नाही. इंजिन कितीही चालवा, ठरावीक आकड्यापुढे वेग वाढत नाही. लढाई आटोक्यात राहावी म्हणून ती हवी, हे मला समजतं. पण यान आवरायला एडवर्ड्सने घातला तसा एखादा जड ताराही चालला असता, आणि आजच्या यंत्रांना तो ओढा मोजणं मुळीच जड नाही. टॉर्पेडोंसकट.