दागिन्यांचा डबा रात्री उघडतो

घरात सुतक आहे. तात्या गेले, त्याला फार दिवस झालेले नाहीत. तेरवीच्या जेवणावळीला पैसा कुठून आणायचा याची दिवसभर कुजबुज चालली होती. आता वाडा झोपलाय. थोरला भास्कर आणि त्याची बायको घराण्याचे दागिने बाहेर काढतात आणि ती एकेक करून ते अंगावर चढवत जाते. जन्मभर चुलीपुढे राबलेली बाई क्षणभर देशपांड्यांच्या वाड्याची खरीखुरी मालकीण होते. हे सोनं सगळ्या भावंडांचं आहे, हे तिला ठाऊक आहे, भास्करलाही आहे आणि आपल्यालाही.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’मधला हा प्रसंग. विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक १९८५ मध्ये रंगभूमीवर आलं. या प्रसंगाची गंमत अशी, की त्या बाईचा राग येत नाही. आपल्या डोळ्यांदेखत धाकट्या दिरांचा, नणंदेचा वाटा गिळला जातोय, तरी मनात येतं, घालू दे बिचारीला, एवढ्या वर्षांत तिला मिळालंय काय? मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणतं, ‘आमच्याकडे अगदी हेच झालं होतं.’ बोलणारा सांगत असतो भावाबद्दल किंवा वहिनीबद्दल. स्वतःबद्दल कुणी सांगत नाही.

घरातलं खोटं आणि घरातला स्वार्थ हा मराठी नाटकाचा आवडता माल आहे. पण तो रंगमंचावर दाखवणं वाटतं तितकं सोपं नाही.

खोटं दिसावं कसं?

कादंबरीकाराला सोय असते. ‘तो खोटं बोलला’ असं एक वाक्य लिहिलं की काम झालं. नाटककाराच्या हाती फक्त पात्राच्या तोंडचं बोलणं. नट बेमालूम खोटं बोलला, तर प्रेक्षकही त्यावर विश्वास ठेवून घरी जायचा! म्हणून नाटककाराला खोट्यासाठी एखादी वस्तू शोधावी लागते. डबा, पैसे, पुस्तक, साडीवरचा डाग, काहीही. माणसं बोलतात एक आणि वस्तू सांगते दुसरं.

दुसरी अडचण याहून मोठी. घरातलं खोटं कधी स्वतःच्या नावानं वावरत नाही. बाजारात फसवणारा माणूस निदान स्वतःशी कबूल करतो, की मी फसवतोय. घरात तसं नसतं. तिथे स्वार्थाला अब्रू म्हणतात, रीत म्हणतात, मुलीचं कल्याण म्हणतात, तत्त्वही म्हणतात. मुखवटा सद्गुणाचा असल्यामुळे तो घालणाऱ्यालाही मुखवटा वाटत नाही. मराठी नाटकानं शंभरेक वर्षांत हे मुखवटे एकेक करून उतरवले.

मुलीचं कल्याण

सुरुवात गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’पासून, म्हणजे १८९९ पासून करू. कांचनभट आपली कोवळी मुलगी पैशाच्या लोभानं म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित. १९२९ च्या बालविवाहाच्या कायद्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणतात आणि अनेकांना त्याचं नाव या नाटकावरून पडलंय असं वाटतं. खरं तर ते हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आलंय. पण हा गैरसमज इतका टिकला, यातच नाटकाची पकड कळते.

आज ‘शारदा’ वाचताना खटकतं ते वेगळंच. हे लग्न मोडतं कशानं? वधूवरांचं गोत्र एक आहे, ही दडवलेली गोष्ट उघड होते म्हणून. मुलगी विकली जात होती, या कारणानं नव्हे. बापाचा लोभ सगळ्या गावाला दिसत होता, पण लग्न थांबवायला तो पुरेसा ठरला नाही. देवलांनी समाजाच्या कानाखाली किती हळूच वाजवली आहे, हे इथे लक्षात येतं.

चोरी न झालेले पैसे

‘नटसम्राट’ १९७० चं. वि. वा. शिरवाडकरांपुढे ‘किंग लिअर’ होता, पण त्यांनी एक मोठा बदल केला. लिअरच्या थोरल्या दोन मुली प्रेमाचं प्रदर्शन मांडून, खोटं बोलून राज्य पदरात पाडून घेतात. गणपतराव बेलवलकरांना कुणीच फसवत नाही. आप्पा स्वतःच्या हातानं सगळं मुलांना वाटून मोकळे होतात. मुलगी नलू तर वडिलांवर खरोखर माया करणारी. तिच्या घरातले पैसे दिसेनासे होतात आणि संशय जातो बापावर. मुळात चोरी झालेलीच नसते.

खोटारड्या मुलीपेक्षा ही मुलगी जास्त भयंकर आहे, कारण ती खोटं बोलत नाही. बापाचं ओझं व्हायला लागलंय, हे मनातलं वाक्य तिला उच्चारता येत नाही. ते हरवलेल्या पैशांच्या रूपानं बाहेर पडतं. ओझं म्हणण्यापेक्षा चोर म्हणणं तिला सोपं गेलं. या एका प्रसंगासाठी घराघरातली म्हातारी माणसं हे नाटक पाहताना डोळ्यांना पदर लावत आली.

डाग लाल की निळा?

त्याच सुमाराला विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’नं मुखवटा हा प्रकारच काढून टाकला. १९६१ मध्ये लिहिलेलं हे नाटक डॉ. श्रीराम लागूंनी १९७० मध्ये रंगमंचावर आणलं. भावाला बुडवून धंदा बळकावलेला बाप, बापाला दारू पाजून त्याच्या पैशाचा ठाव काढणारी मुलं, बहिणीचा पाय मोडणारे भाऊ. कुणी अब्रूची भाषा बोलत नाही. खरं बोलणारा एकच, बापाचा अनौरस मुलगा रजनीनाथ. तो घराबाहेर राहतो, वाटणीत त्याचं नावच नाही. घरातलं खरं दिसायला वाटणीच्या बाहेर उभं राहावं लागतं, ही या नाटकाची बोचरी शिकवण.

या प्रयोगाची एक हकिगत नाटकाइतकीच बोलकी आहे. बहिणीच्या, माणिकच्या, साडीवरचा रक्ताचा लाल डाग नाटकं तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाला खुपला. तडजोड म्हणून डाग निळा केला गेला आणि तो लाल समजावा अशी सूचना प्रेक्षकांना देण्यात आली! सगळ्यांना लाल दिसतंय आणि सगळे त्याला निळं म्हणतायत. कुटुंबातलं खोटं चालतं ते नेमकं असंच. फरक इतकाच, की घरात ‘हे लाल समजा’ असं आधी कुणी सांगत नाही.

तत्त्वाच्या नावानं

इथे कुणाला वाटेल, लोभी माणसांच्या घरातच हे घडतं. तेंडुलकरांनीच १९८३ च्या ‘कन्यादान’मध्ये ती पळवाट बंद केली. नाथ देवळालीकर हा सच्चा समाजवादी. मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करायचं ठरवते, तेव्हा जातिअंताचं स्वप्न आपल्याच घरात साकारतंय या आनंदात तो तिला उभारी देतो. पुढे अरुण तिला मारहाण करतो. आणि शेवटाकडे, मुलीला आणखी त्रास होऊ नये म्हणून, हाच नाथ अरुणच्या आत्मचरित्रावर भर सभेत स्तुतीचं भाषण ठोकतो. मनात किळस, तोंडात गौरव. ज्योतीला बापाचं खोटं नेमकं ओळखता येतं, कारण खरं बोलायला तिला त्यानंच शिकवलेलं असतं.

या नाटकावर वाद झाले आणि ते रास्तच होते. दलित तरुणाचं असं चित्र कुणी, कोणत्या जागेवरून रंगवावं, हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. पण मायेपोटी बोललेलं खोटंही मायेला कसं पोखरतं, हे नाथच्या त्या भाषणाइतकं उघड फार थोड्या नाटकांत दिसलं असेल.

हक्कसोड, राजीखुशीनं

आता पुन्हा ‘वाडा चिरेबंदी’च्या, धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात. अंगणात भास्करनं हौसेनं आणलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे. गाव समजतं, देशपांड्यांकडे अजून खूप आहे. भास्करच्या मुंबईतल्या भावाबद्दल, सुधीरबद्दल, घर समजतं, त्याचं बरं चाललंय. दोघांचे खिसे रिकामे आणि दोघांनाही ते बोलायची सोय नाही. धाकटा चंदू गड्यासारखा राबतो. शिकायची इच्छा मनात दाबून बसलेली बहीण प्रभा घरात कोमेजत जाते.

एलकुंचवारांची या वाड्याची नाट्यत्रयी, ‘युगान्त’सह, चंद्रकांत कुलकर्णींनी १९९४ मध्ये सलग सादर केली. त्याच वर्षी महाराष्ट्रानं वारसा कायदा दुरुस्त करून लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीनं जन्मतः हक्क दिला. देशभरात ही दुरुस्ती झाली ती २००५ मध्ये. कागदावर प्रभाचा प्रश्न सुटला. मग दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एक नवंच नाटक सुरू झालं, हक्कसोडपत्राचं. बहीण माहेरी येते, पुरणपोळी होते, भाऊ प्रेमानं बोलतो, सह्या होतात. मजकुरात एक ठरलेलं वाक्य असतं, की हे मी राजीखुशीनं, कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देत आहे. कुणाच्या बाबतीत ते खरंही असेल. पण माहेर तुटेल या भीतीला दडपण म्हणायचं की नाही, हे त्या कागदावर कुठे विचारलेलं नसतं.

वाड्यातल्या त्या डब्याचं पुढे काय होतं? भास्करची स्वतःची मुलगी रंजू दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तरबरोबर पळून जाते. भावाबहिणींपासून राखलेलं सोनं घरातूनच जातं. आणि तिला शोधायला मुंबईत पायपीट कोण करतं? ज्याला वाट्यापासून लांब ठेवलं, तो सुधीर. रंजू परत येते. सोनं येत नाही.